गणितमहर्षी लेओनार्ट ऑयलर : वाकणाऱ्या काठीचे गणित

ज्याचे आयुष्य सरकारी कचेरीत गेले त्याला टाचणीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. कागदांचा गठ्ठा थोडा जाड झाला, की टाचणी आत जाण्याऐवजी मधोमध बाक घेते आणि मग कितीही सरळ केली तरी पूर्वीसारखी होत नाही. आखूड टाचणी मात्र त्याच गठ्ठ्यातून निमूटपणे पार होते. अलीकडे फाइली संगणकावर चालू लागल्या आणि टेबलावरील टाचण्यांचा डबा हलका झाला, हे खरे; पण जो प्रश्न ती वाकलेली टाचणी विचारते तो काही जुना झालेला नाही. टाचणी मोडत नाही, चेचली जात नाही, अणकुचीदार टोकही बोथट होत नाही. बोटाचा दाब तर अगदी तिच्या लांबीच्या दिशेने असतो. मग ती आडवी का झुकते? आणि एका ठराविक दाबापर्यंत सरळ राहून त्यानंतरच का झुकते?

या प्रश्नाचे पहिले समाधानकारक गणिती उत्तर १७४४ साली प्रसिद्ध झाले. ते देणारे लेओनार्ट ऑयलर हे अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ गणिती होत. महाविद्यालयात गणित विषय घेतलेल्या प्रत्येकास त्यांचे नाव कोठल्या ना कोठल्या सूत्रामागे भेटते. परंतु त्या नावामागील मनुष्य आपल्या वाचकांस फारसा परिचित नाही. महाराष्ट्रातून येणारा पाहुणा हावड्यास उतरतो आणि शहरात शिरताना त्या विशाल पुलाकडे मान वर करून पाहतो. त्या पुलाचेही ऑयलर यांच्याशी नाते आहे. म्हणून या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात झाला. वडील पाउल ऑयलर हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. पण तरुणपणी त्यांनी याकोब बेर्नुली या प्रख्यात गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती, आणि मुलाला गणिताचे पहिले पाठ त्यांनीच घरी दिले. बाझेलजवळच्या रीहेन या गावी बालपण गेले. तेराव्या वर्षी मुलगा बाझेलच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे याकोब यांचे धाकटे बंधू योहान बेर्नुली हे गणिताचे प्राध्यापक होते. स्वभावाने तापट आणि वेळेच्या बाबतीत कंजूष असलेल्या या गृहस्थांनी खाजगी शिकवणी देण्याचे नाकारले. मात्र कठीण ग्रंथ स्वतः वाचावेत आणि अडेल तेवढे शनिवारी दुपारी विचारावे, अशी मुभा दिली. आदल्या आठवडाभर ऑयलर यांची धडपड असे ती शंका कमीत कमी नेण्याची. शिकविण्याची याहून चांगली रीत प्रस्तुत लेखकास तरी ठाऊक नाही.

मुलाने आपल्याप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा होती. योहान बेर्नुली यांनी मध्ये पडून ती मोडून काढली. ऑयलर यांची धर्मश्रद्धा मात्र अखेरपर्यंत अढळ राहिली. घरात सायंप्रार्थना चुकत नसे.

विसाव्या वर्षी त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी एक निबंध पाठविला. विषय होता, जहाजावर डोलकाठ्या कोठे आणि कशा उभाराव्यात. समुद्र सोडाच, मोठे गलबतही ज्याने जवळून पाहिले नव्हते अशा, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या देशातील तरुणाने हे धाडस करावे ही गंमतच होय. पहिले पारितोषिक एका अनुभवी जहाजशास्त्रज्ञाला मिळाले. पण ऑयलर यांचाही गौरवाने उल्लेख झाला. त्याच सुमारास बाझेलमध्ये पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा रिकामी होती. तिच्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. वय लहान पडले असावे. मायभूमीने नाकारलेली ती जागा पुढे कोणाच्या स्मरणात राहिली नाही.

१७२७ च्या मे महिन्यात ते रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे पोहोचले. तेथील अकादमी नुकतीच स्थापन झाली होती आणि योहान बेर्नुलींचे पुत्र डॅनिएल तेथे आधीच होते. जागा शरीरशास्त्र विभागात मिळावयाची होती, म्हणून ऑयलर यांनी बाझेलमध्ये वैद्यकाचे पाठही घेतले होते! पण ते पोहोचतात न पोहोचतात तोच सम्राज्ञी पहिली कॅथरिन निवर्तली, अकादमीचे भवितव्य टांगणीला लागले, आणि त्या गोंधळात ते गणिताकडे परत वळले. १७३३ मध्ये डॅनिएल स्वदेशी परतल्यावर गणिताचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. पुढील वर्षी त्यांनी काटारिना ग्झेल या चित्रकार-कन्येशी विवाह केला. त्यांना तेरा अपत्ये झाली. त्यांपैकी पाचच बालपण ओलांडू शकली. मांडीवर मूल आणि पायाशी खेळणारी बाकीची, अशा स्थितीतच ते लिहीत असत.

याच काळात, १७३८ साली, त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. रशियाच्या नकाशांचे बारीक काम फार केल्यामुळे तसे झाले, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. काही वर्षे आधी आलेला जीवघेणा ताप हेच खरे कारण असावे, असे पुढील वैद्यांचे मत आहे. कारण काहीही असो, त्यांनी त्याबद्दल फारशी खंत केलेली दिसत नाही. केनिग्झबर्ग नगरातील सात पुलांचे कोडे, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सातही पुलांवरून फिरता येईल काय हे, त्यांनी याच वर्षांत सोडविले आणि तसे फिरणे अशक्य आहे हे सिद्ध केले. त्यातून गणिताची एक अख्खी शाखा पुढे उदयास आली.

१७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून ते बर्लिनला गेले. वाकणाऱ्या काठीचे गणित येथे जन्मास आले.

डॅनिएल बेर्नुली १७४२ साली एका पत्रातून त्यांना एक सूचना करतात. लवचीक पट्टी वाकविली असता तिच्यात जी शक्ती साठते, ती शक्य तितकी कमी राहील असाच आकार पट्टी घेत असली पाहिजे; आणि अशा प्रकारच्या लघुतम-महत्तमाच्या प्रश्नांत ऑयलर यांचा हात धरणारा कोणी नाही, तेव्हा त्यांनीच हे तडीस न्यावे. ऑयलर त्यावेळी नेमका त्याच विषयावरील ग्रंथ लिहीत होते. १७४४ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या अखेरीस स्थितिस्थापक वक्रांवरील एक परिशिष्ट जोडलेले होते. बारीक पट्टी दोन्ही टोकांशी दाबली वा वाकविली असता कोणकोणते आकार घेईल याचे नऊ प्रकार त्यांनी त्यात पाडून दाखविले. त्यांतील पहिला प्रकार दिसावयास अगदी सामान्य: पट्टी जवळजवळ सरळ, किंचित बाक आलेली. पण येथेच त्यांच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली. एवढासा बाक यावयासही दाबाची एक निश्चित मर्यादा गाठावी लागते. दाब तिच्याहून कमी असेल तर काठी मुळीच वाकणार नाही. मर्यादा ओलांडताच ती सरळ राहू शकत नाही.

सामान्य बुद्धीला हे पटत नाही. दोरीला वजन टांगले तर प्रत्येक छटाकाबरोबर ती थोडी ताणते; तसा काठीनेही प्रत्येक छटाकाबरोबर थोडा बाक घ्यावा, असे आपल्याला वाटते. ऑयलर यांचे गणित सांगते, तसे नाही. शिवाय ही मर्यादा पदार्थ किती भार सोसून फुटतो यावर अवलंबून नसते. ती त्याच्या ताठरपणावर, काठीच्या जाडीवर आणि लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. लांबी दुप्पट केली की मर्यादा चौथ्या हिश्श्यावर येते. लायडनच्या म्युशेनब्रूक या संशोधकास लाकडी काठ्यांवरील प्रयोगांतून १७२९ च्या सुमारास लांबीच्या वर्गाचा हा नियम आढळला होता. तो का खरा आहे, हे ऑयलर यांनी दाखविले.

आपली टाचणीच घेऊ. लांबी २६ मिलिमीटर, जाडी ०.६ मिलिमीटर, आणि पदार्थ पोलाद असे धरले, तर आजच्या रूपातील ऑयलर-सूत्राने तिची मर्यादा सुमारे १.९ किलोग्रॅम भाराइतकी निघते. अंगठ्याने सहज देता येईल एवढा हा दाब आहे. त्याच टाचणीच्या पोलादाला चिरडून कायमचे विकृत करावयाचे म्हटले, तर दर चौरस मिलिमीटरला ४० किलोग्रॅम हे मान धरून ११ किलोग्रॅमच्या वर भार लागेल. म्हणजे धातूची ताकद एक षष्ठांशही खर्ची पडलेली नसताना टाचणी वाकते! तिची लांबी निम्मी केली तर मर्यादा साडेसात किलोग्रॅमच्या जवळ जाते. म्हणूनच अनुभवी कारकून टाचणी टोकाजवळ चिमटीत धरून खुपसतो; मोकळी लांबी कमी करण्याचे हे शास्त्र त्याला कोणी शिकविलेले नसते. उलट जाडी निम्मी केली तर गोल टाचणीची मर्यादा सोळाव्या हिश्श्यावर येते, कारण ती जाडीच्या चतुर्थ घातानुसार बदलते.

आणि एकदा बाक आला की टाचणी पुन्हा सरळ का होत नाही, याचाही हिशेब यातूनच निघतो. बाक आला म्हणजे भाराची रेषा टाचणीच्या मध्यापासून दूर सरकते. मूळच्या दाबात आता वाकविण्याचा ताण मिळतो. बाहेरची कड ओढली जाते, आतली दाबली जाते. आपल्या टाचणीचा मध्य केवळ ०.४ मिलिमीटर सरकला, म्हणजे जाडीच्या दोन तृतीयांशाइतकाही बाक आला, तर वाकण्यामुळे उद्भवणारा ताण दर चौरस मिलिमीटरला ३५ किलोग्रॅम होतो. त्यात सरळ दाबाचे साडेसहा मिळविले की धातूची सहनशक्ती संपते. डोळ्याला बाक दिसू लागेपर्यंत टाचणी कामातून गेलेली असते.

ऑयलर यांच्या मांडणीत उणीव नव्हती असे नाही. आयताकृती पट्टीचा ताठरपणा जाडीच्या वर्गानुसार वाढतो, असे त्यांनी १७४४ मध्ये धरले होते; वस्तुतः तो घनानुसार वाढतो. ताठरपणाचे मान प्रत्यक्ष प्रयोगाने काढावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते, हे मात्र महत्त्वाचे. बर्लिन अकादमीच्या १७५७ च्या खंडात त्यांनी स्तंभांच्या बलाविषयी स्वतंत्र निबंध लिहून तेच सूत्र अधिक सोप्या रीतीने मांडले, आणि उतारवयात स्वतःच्याच वजनाने वाकणाऱ्या उंच स्तंभाचाही विचार केला.

या सूत्राला त्या काळी गिऱ्हाईक नव्हते. तेव्हाचे खांब दगडाचे व जाड लाकडाचे. ते वाकण्याच्या कितीतरी आधी चिरडत वा चिरत. अशा आखूड खांबांना ऑयलर-सूत्र लावले की भलतेच मोठे आकडे येत, आणि व्यवहारी मंडळी ते सूत्रच चुकीचे म्हणून बाजूला ठेवत. शंभर वर्षांनी लोखंड आणि पोलाद आले, बांधकामे उंच व सडपातळ झाली, तेव्हा कोठे त्याची गरज भासली. ती मर्यादा विसरल्याचे, किंवा तिला पुरेसा मान न दिल्याचे, परिणाम भयंकर होत. कॅनडातील क्वेबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असताना कोसळला व ७५ कामगार मृत्यू पावले. त्याच्या खालच्या बाजूचे, दाब सोसणारे अवयव वाकले होते. अनेक पट्ट्या एकत्र बांधून ते अवयव घडविलेले होते. त्या पट्ट्यांना एकजीव ठेवणारी जाळी अपुरी पडली. पट्ट्या सुट्या झाल्या म्हणजे एका जाड काठीच्या जागी चार बारीक काठ्या उरतात, आणि बारीक काठीचे काय होते ते आपण टाचणीच्या बाबतीत पाहिलेच.

आपला हावडा पूल त्याच जातीचा आहे. दोन मनोऱ्यांवरून दोन्ही बाजूंनी पुढे आलेले बाहू, आणि त्यांच्यामध्ये टांगलेला भाग, अशी ही रचना. मनोऱ्यांमधील अंतर १५०० फूट. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलाद त्यास लागले. त्यांपैकी २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरविले. पुढे आलेल्या बाहूंचे वरचे अवयव ताण सोसतात, खालचे दाब सोसतात, आणि सगळा भार अखेर मनोऱ्यांच्या पायांवर दाबाच्याच रूपाने उतरतो. पुलावरून चालताना मनोऱ्याचे पाय व खालच्या बाजूचे ते अवयव जरा निरखून पाहावेत. ते भरीव नाहीत. पोलादी पत्रे आणि कोन रिव्हेटांनी जोडून पेटीसारखे पोकळ घडविले आहेत. धातू मध्यापासून दूर नेला की तेवढ्याच वजनात ताठरपणा कैक पटींनी वाढतो. सूत्रात लांबीचा वर्ग छेदस्थानी बसलेला आहे, त्याला दिलेले हे उत्तर होय.

बर्लिनमधील पंचवीस वर्षे कामाच्या दृष्टीने वैभवाची, पण मानाच्या दृष्टीने तशी नव्हती. अकादमीची वेधशाळा, वनस्पती-उद्यान, नोकरवर्ग, आणि जिच्यावर अकादमीचे उत्पन्न अवलंबून होते ती पंचांगांची विक्री, एवढे सगळे ऑयलर पाहत. १७५९ मध्ये अध्यक्ष मोपेर्त्वी वारले, तेव्हापासून अध्यक्षाचा कार्यभारही त्यांच्याकडेच आला. पद मात्र मिळाले नाही. राजाला फ्रेंच धाटणीची चतुर, हजरजबाबी मंडळी आवडत. हा साधा, धर्मभीरू, एका डोळ्याचा गणिती त्याच्या थट्टेचा विषय होता. सां-सुसी प्रासादातील कारंजे उडाले नाही, त्याचा दोष राजाने पुढे ऑयलर यांच्या गणिताला दिला आणि कित्येक पुस्तकांतून ती कथा तशीच उतरत गेली. वस्तुतः नळांतील दाबाचा हिशेब करून, लावलेले लाकडी नळ टिकणार नाहीत असा इशारा ऑयलर यांनी देऊन ठेवला होता. खर्चात काटकसर झाली, नळ फुटले, आणि सल्ला देणारा दोषी ठरला. सरकारी नोकरीत ज्यांनी टिपणे लिहिली आहेत त्यांना या प्रकाराचे फारसे नवल वाटणार नाही.

उलट शत्रूकडून त्यांना सन्मान मिळाला. १७६० मध्ये सात वर्षांच्या युद्धात रशियन सैन्याने बर्लिनजवळील त्यांची शेतवाडी लुटली. ती कोणाची हे कळताच रशियन सेनापतीने भरपाई दिली व सम्राज्ञी एलिझाबेथने तीत मोठी भर घातली. १७६६ मध्ये ऑयलर पीटर्सबर्गला परतले, यात आश्चर्य ते काय!

परतल्यावर थोड्याच काळात त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही दिवस जग पुन्हा दिसले. मग जखम चिघळली आणि कायमचा अंधार आला. त्याच वर्षी नगरात मोठी आग लागली व तीत त्यांचे घर भस्मसात झाले. बाझेलहून तेथे गेलेल्या पेटर ग्रिम नावाच्या कारागिराने जळत्या घरात शिरून या आंधळ्या वृद्धाला बाहेर काढले म्हणून ते वाचले. हस्तलिखितेही बव्हंशी वाचविण्यात आली. दोन वर्षांनी पत्नी काटारिना वारली.

एखादा मनुष्य येथे थांबला असता तर कोणी नावे ठेवली नसती. ऑयलर यांचे काम मात्र वाढले. बीजगणितावरील आपला सुबोध ग्रंथ त्यांनी एका शिंप्याच्या उमेदवाराकडून लिहवून घेतला; लिहिता लिहिता तो पोरगा स्वतः बीजगणित शिकला, असे सांगतात. पुढे मुलगा योहान आल्ब्रेख्ट, निकोलाउस फुस आणि इतर शिष्य एका मोठ्या मेजाभोवती बसत; ऑयलर तोंडी सांगत, पाटीवर मोठाल्या अक्षरांत सूत्रे खरडत, आणि शिष्य त्यांचे निबंध तयार करीत. लांबलचक आकडेमोड ते मनातल्या मनात करीत. चंद्राच्या गतीवरील त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ १७७२ चा, म्हणजे पूर्ण अंधत्वातला. १७७५ या एका वर्षात त्यांनी सरासरीने दर आठवड्यास एक निबंध सिद्ध केला. त्यांच्या आयुष्यभराच्या लेखनातील जवळजवळ निम्मे या दुसऱ्या पीटर्सबर्ग-वास्तव्यातील आहे. स्वतःच्या वजनाने वाकणाऱ्या स्तंभाचा विचार त्यांनी केला तोही याच काळात. डोळ्यांसमोर काठी नव्हती, कागद नव्हता. वक्र मनात होता.

१८ सप्टेंबर १७८३ हा दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला. सकाळी त्यांनी नातवंडाला गणिताचा पाठ दिला. त्या वर्षी फ्रान्समध्ये पहिली विमान-बलूने आकाशात चढली होती. ती किती वेगाने वर जातील याचे गणित त्यांनी पाटीवर मांडले. दुपारी जेवताना सहकारी लेक्सेल यांच्याशी दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी बोलणे झाले. पाचच्या सुमारास मेंदूत रक्तस्राव होऊन ते बेशुद्ध पडले आणि रात्री अकराच्या सुमारास त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. पाटीवरील बलूनचे गणित पुढे पॅरिसच्या अकादमीने छापले. पीटर्सबर्गच्या अकादमीकडे तर त्यांचे एवढे निबंध शिल्लक होते, की त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षे ते तिच्या खंडांतून प्रसिद्ध होत राहिले.